नेच्यांचे वर्गीकरण आणि संरक्षण: पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यातील नेच्यांवरचा, म्हणजे फर्नवरचा, स्वतंत्र ग्रंथ 1922 साली मुंबईतच प्रसिद्ध झाला. त्या काळी ‘मुंबई’ या शब्दात पार कारवारपर्यंतचा मुलूख येत असल्यामुळे त्यातली यादी आजच्या शहराची मानता येत नाही. त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1735 मध्ये फुलांच्या अवयवांवरून वनस्पतींचे 24 वर्ग पाडण्यात आले, तेव्हा ज्यांची फुले दिसेनात त्यांची रवानगी चोविसाव्या वर्गात झाली आणि नेचे, शेवाळी, शैवले व कवके एकाच छपराखाली आली. पुढे पानाच्या पाठीवरील बीजाणूंच्या ठिपक्यांचा आकार आणि जागा पाहून नेच्यांच्या प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, ठरू लागल्या.

खरा गुंता ‘टेरिडोफायटा’ या शब्दाचा आहे. मराठीत त्यासाठी ‘वाहिनीवंत अबीजी वनस्पती’ अशी संज्ञा रूढ झाली. ती वर्णन म्हणून अचूक असली, तरी नाते म्हणून फसवी आहे. पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या वाहिन्या आहेत आणि बी नाही, एवढ्यावरून नेचे आणि एक्विसेटम, लायकोपोडियम, सिलाजिनेला या इतर वनस्पती यांना एका विभागात बसवले गेले. 2001 मध्ये जनुकांच्या तुलनेतून असे दिसले की एक्विसेटम नेच्यांच्याच शाखेत बसते, तर लायकोपोडियम आणि सिलाजिनेला यांची शाखा सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. म्हणजे बाजारात ‘संजीवनी’ म्हणून विकली जाणारी सिलाजिनेला नेच्यासारखी वाटली, तरी नेच्याचे नाते तिच्यापेक्षा आंब्याशी जवळचे आहे. 2016 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने हे दोन वर्ग वेगळे मांडले आणि सुमारे 12,000 जातींची विभागणी 51 कुले व 337 प्रजातींत केली. प्रजातींची ही संख्या फार झाली, अशी टीका लगेच झाली, आणि ती अगदीच गैरवाजवी नव्हती, कारण प्रजाती फुटली की जुन्या नावाने केलेली प्रत्येक नोंद पुन्हा तपासावी लागते. आपल्याकडे ओल्या कपारीत उगवणारा हंसराज हा नेचा तर प्रजाती न बदलताही फिलिपेन्स आणि ल्युन्युलेटम अशा दोन जातिनामांनी नोंदला जातो.

संरक्षणाच्या कायद्यांना या वादाची झळ फारशी लागली नाही, कारण त्यांत नेच्यांना जागाच थोडी होती. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 1991 साली वनस्पतींची अनुसूची आली, तिच्या सहा नोंदींत आमरे (ऑर्किड) होती, घटपर्णी होती, नेचा एकही नव्हता. सायथिया या वृक्षनेच्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले, पण मुंबईतल्या नेच्यांना त्याचा उपयोग नाही. राज्याच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात झाड म्हणजे बहुवर्षायू काष्ठमय वनस्पती. साहजिकच जुन्या वर्षावृक्षाच्या फांद्यांवर वाढणारे बाशिंग नावाचे नेचे त्या व्याख्येबाहेर राहते. झाड तोडताना त्याची नोंद होते, बदली रोपांची संख्या ठरते, आणि फांदीसह खाली आलेले बाशिंग पालापाचोळ्यात जाते.

ज्यांना संरक्षण मिळाले ते जागेमुळे मिळाले. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील नेचे उद्यानाच्या हद्दीमुळे सुरक्षित आहेत. खाडीकाठचा ॲक्रोस्टिकम ऑरियम हा नेचा खारफुटीच्या तोडीवर 2005 मध्ये न्यायालयाने बंदी घातल्यापासून तिवरांच्या आसऱ्याने टिकून आहे.