गोळी डोपामाइनचा नवा साठा देत नाही

परीक्षा जवळ आली की लातूरच्या खोल्यांवर एक समज फिरतो: अँफेटामाइनसारखी उत्तेजक गोळी मेंदूत नवं डोपामाइन, म्हणजे चेतापेशींमधला निरोप नेणारं रसायन, बनवते, म्हणून झोप उडते. तिचं मुख्य काम ते नाहीच. चेतापेशी डोपामाइन आधीच बारीक पिशव्यांत साठवून ठेवते. बाहेर सोडलेलं डोपामाइन एक वाहक प्रथिन परत आत ओढतं. अँफेटामाइन त्याच वाटेनं आत शिरतं, पिशव्यांतला साठा सोडवतं आणि वाहकाला उलटं चालवतं. रांजणातलंच पाणी अंगणात ओतावं तसं. आपल्या दुष्काळी भागाला हे वेगळं सांगायला नको. कोकेन मात्र वाहकाची वाट नुसती अडवतं. अँफेटामाइनच्याच कुळातल्या मेथअँफेटामाइनच्या मोठ्या मात्रांनी प्राण्यांत या पेशींची टोकं खराब झालेली दिसली आहेत. पण डॉक्टरांनी एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) ठरवून दिलेलं औषध घेणाऱ्या लेकरांना यावरून कुणी घाबरवू नका.