शेती महामंडळाचे मळे आणि परिसरातील रोजगार

शेती महामंडळाचे मळे म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), नाशिक, पुणे, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांतल्या कालव्यांखालच्या मोठ्या, सलग शेतजमिनी. खासगी साखर कारखान्यांच्या ताब्यातली ही जमीन कमाल जमीन धारणा कायद्याखाली सरकारने घेतली आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे सोपवली. हरिगाव, टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी, चांगदेवनगर, रावळगाव, वालचंदनगर, रत्नपुरी, सदाशिवनगर, श्रीपूर, साखरवाडी ही नावे या मळ्यांमुळे आणि त्यांच्या आधीच्या कारखान्यांमुळे माहितीची झाली. एखादी संस्था हजारो एकर एकहाती कसू लागली की आजूबाजूच्या गावांत कामाची वाटणी कशी बदलते, हे महाराष्ट्रात या मळ्यांवर जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल.

पूर्वपीठिका

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. त्यानंतर गोदावरीचे कालवे आले आणि १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाल्यावर प्रवरेच्या कालव्यांना भरवशाचे पाणी मिळाले. सरकारने पाणी आणले होते दुष्काळनिवारणासाठी. पण ज्वारी-बाजरी करणाऱ्या शेतकऱ्याकडे बागायतीसाठी भांडवल नव्हते, पाणीपट्टी परवडत नव्हती, आणि काळ्या जमिनीला सतत पाणी देण्याची भीतीही होती. या मोकळ्या जागेत आधी सासवडच्या माळी समाजातले अनुभवी बागायतदार शिरले, मग कंपन्या शिरल्या. बेलापूर कंपनी पहिल्या महायुद्धानंतरची. १९३२ मध्ये परदेशी साखरेवरच्या आयात कराने देशी साखरेला संरक्षण मिळाल्यावर कारखान्यांची रांगच लागली. कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या, बांध मोडले, सलग पट्टे पाडले. जमीन देणारे हे मालक पुढे ‘खंडकरी’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

जमीन खंडाने दिलेला शेतकरी वर्षाला ठरावीक रक्कम घेई. त्यातले अनेक जण त्याच कंपनीच्या मळ्यावर मुकादम, राखणदार किंवा रोजंदार म्हणून लागले. पण कंपनीला लागणारे मनुष्यबळ एवढ्यावर भागणारे नव्हते. पाथर्डी-शेवगावसारखे कोरडवाहू तालुके आणि शेजारचा मराठवाडा इथून कुटुंबेच्या कुटुंबे आली. त्यांच्यासाठी मळ्यावरच चाळी बांधल्या गेल्या. म्हणजे रोजगार वाढला हे खरेच, पण त्यातला मोठा भाग जुन्या गावांत गेला नाही. गावाबाहेर एक नवीन वस्ती उभी राहिली आणि ती कारखान्याच्या भोंग्यावर चालू लागली. दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या बेलापूर रोड स्टेशनभोवतीची पेठ वाढत वाढत श्रीरामपूर शहर झाली, तिच्या वाढीत या पगाराच्या पैशाचा वाटा मोठा.

महामंडळ का?

स्वातंत्र्यानंतरच्या कूळकायद्यात कारखान्यांनी उसासाठी खंडाने घेतलेल्या जमिनींना वगळले होते. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व या पट्ट्याला लागूच झाले नाही. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने मात्र कंपन्यांची जमीनही अतिरिक्त ठरवली, आणि तिथे सरकारपुढे पेच पडला. कायद्याचा सर्वसाधारण हेतू अतिरिक्त जमीन भूमिहीनांना वाटण्याचा होता. पण हे सलग मळे तुकडे करून वाटले तर कारखान्यांचा ऊस तुटेल, अशी भीती होती. म्हणून कायद्याच्या २८ व्या कलमात औद्योगिक उपक्रमांच्या जमिनींसाठी वेगळी तरतूद केली गेली, आणि ऐंशी हजार एकरांहून अधिक क्षेत्र अखंड ठेवून ते कसायला सरकारी मालकीची कंपनी काढली. जमीन ना खंडकऱ्याला परत मिळाली, ना भूमिहीनाला. भूमिहीनाच्या वाट्याला जमिनीऐवजी मस्टरवरची हजेरी आली. पुढचा सारा इतिहास या एका निवडीतून घडला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

मळ्यावरचे काम

मळ्यावर कोणाला किती दिवस काम मिळते हे उसाच्या वाढीवर ठरे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावायचा आणि सोळा-अठरा महिन्यांनी तोडायचा. नांगरट आणि सऱ्या पाडणे ही कामे ट्रॅक्टर लवकर आल्याने थोड्या माणसांत होत. बेणे तोडणे, लागण, आंबवणीचे म्हणजे लागणीनंतरचे पहिले हलके पाणी, मग दोन-तीन खुरपण्या, बाळबांधणी म्हणजे उसाच्या बुडाला पहिली थोडी माती लावणे, आणि चार-पाच महिन्यांनी भरपूर माती चढवण्याची मोठी बांधणी, एवढ्या काळात हाताला काम भरपूर. आसपासच्या गावांतल्या बायका टोळीने येत, मुकादम सकाळी हजेरी घेई आणि सऱ्या वाटून देई. मोठी बांधणी झाली की ऊस सरीवर मिटतो, खाली ऊन पोचत नाही, तण थांबते. तिथून पुढे वर्षभर त्या प्लॉटमध्ये खुरप्याचे काम उरत नाही. उरतो तो दारे धरणारा, म्हणजे सरी-सरीत पाणी वळवणारा पाणक्या, आणि राखणदार.

या चक्रामुळे मळ्यावरचे लोक आपोआप दोन भागांत वाटले जात. पाणके, ट्रॅक्टरचालक, मुकादम, कारकून, राखणदार हे बाराही महिने लागणारे, म्हणून कायम; त्यांना फंड, ग्रॅच्युइटी, चाळीत खोली. खुरपणी-बांधणीचे लोक हंगामी किंवा रोजंदार, आणि त्यांत बायका जास्त. १९७६ च्या समान वेतन कायद्यानंतर कागदावर दर सारखा झाला, तरी कायम कामे पुरुषांची आणि तुटक कामे बायकांची ही वाटणी कामाच्या नावांतच मुरलेली होती. पाणक्याचे काम बाईला कोणी दिले नाही, कारण पाटाची पाळी रात्री येते, हे उत्तर ठरलेले असे.

सगळ्यांत जास्त मजूर लागणारे काम म्हणजे तोड. ती मात्र परिसरातल्या लोकांकडे आलीच नाही. तोडणी-वाहतूक कारखान्याची जबाबदारी. कारखाना मुकादमामार्फत उचल म्हणजे आगाऊ रक्कम देऊन बीड, पाथर्डीकडच्या कोयत्यांशी, म्हणजे तोड करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांशी, करार करी. दिवाळीनंतर मळ्याच्या कडेला त्यांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) पडत आणि उन्हाळ्यात उठत. उचलीने बांधलेला मजूर मधेच काम सोडून जात नाही, दिवसरात्र तोडीला हजर राहतो. शेजारच्या गावचा माणूस संध्याकाळी घरी जातो, पटले नाही तर दुसऱ्या दिवशी येत नाही. जवळ माणसे असताना लांबून मजूर का आणायचा, या प्रश्नाचे उत्तर हिशेबापेक्षा मजुरावरच्या ताब्यात आहे.

गावांवरचे परिणाम

मळ्याचा दर हा परिसरातल्या मजुरीचा मापदंड बनला. महामंडळावर किमान वेतन कायदा टाळण्याची सोय नव्हती, शिवाय श्रीरामपूर भागात लाल निशाण पक्षाने आणि कम्युनिस्टांनी शेतमजुरांच्या संघटना बांधलेल्या होत्या. शेतमजुराला संपाचा अनुभव, मागणीपत्रक, वेतन करार या गोष्टी इथे मिळाल्या. खासगी बागायतदाराच्या सालगड्याला त्या कधी मिळाल्या नाहीत. मळ्याची भरती सुरू असली की गावातल्या बागायतदाराला माणूस मिळणे अवघड, आणि मिळाला तर ‘मळ्यावर इतके देतात’ हे ऐकावे लागे. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांनी हेच केले, पण ती कामे तात्पुरती. मळ्याची हजेरी निदान काहींसाठी कायमची होती.

दुसरी बाजूही तितकीच खरी. हजारो एकरांवर निर्णय घेणारी माणसे मोजकी होती आणि मुख्य कार्यालय पुण्यात होते. खते, अवजारे, डिझेल यांची खरेदी वरून होई. त्यातून गावात दुकानदारी उभी राहिली नाही. त्याच तालुक्यांत १९५० पासून लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याच्या वाटेने सहकार उभा राहत होता. तिथे ऊस लावणारा शेतकरी सभासद होता, उसाचे पैसे गावात येत आणि त्यातून दूध, विहिरी, ट्रॅक्टर, शाळा-कॉलेज अशी कामे निघत. सहकारातली मजुरी काही फार चांगली नव्हती, तोडणी मजुराच्या बाबतीत तर अजिबातच नाही. पण मळ्याच्या गावात पगार येई, भांडवल येत नसे. हा फरक इतरत्रही अभ्यासकांना दिसला आहे. कॅलिफोर्नियात वॉल्टर गोल्डश्मिट या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात आर्विन आणि दिनूबा या दोन गावांची तुलना केली. मोठ्या शेतांभोवतीच्या आर्विनमध्ये मजूर जास्त, पण दुकाने, शाळा, सार्वजनिक संस्था कमी. कौटुंबिक शेतीच्या दिनूबात नेमके उलट. त्याच्या निष्कर्षांवर नंतर वाद झाले, कारण दोन गावांचे वय आणि पाण्याची स्थिती सारखी नव्हती. पश्चिम महाराष्ट्राबाबतही ही सावधगिरी हवी: मळ्याच्या गावांत भूमिहीन आधीपासूनच जास्त होते की मळ्यामुळे वाढले, हे सरसकट सांगता येत नाही.

उतार आणि जमीनवाटप

मळे तोट्यात का गेले याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. पाण्याचे वाटेकरी वाढले, शहरांना पाणी गेले, पाळ्या लांबल्या. ज्या खासगी कारखान्यांना ऊस देण्यासाठी महामंडळ काढले तेच एकेक करून बंद पडले किंवा मद्यार्क-रसायनांकडे वळले. पगाराचा बोजा ठरलेला होता आणि एकरी उतारा घटत गेला. नवी भरती थांबली, निवृत्ताची जागा रिकामी राहू लागली, पुढे महामंडळाने स्वतः कसणे सोडून ‘संयुक्त शेती’च्या नावाने जमिनी निविदा काढून खासगी लोकांना कसायला दिल्या. करार घेणारा आपली माणसे, आपली यंत्रे आणी. तणनाशक आल्यावर खुरपणीही गेली.

खंडकऱ्यांचा लढा दीर्घकाळ चालला. मनमाडचे कम्युनिस्ट नेते माधवराव गायकवाड त्याचे प्रमुख. कायद्यात दुरुस्त्या होत होत अखेर २०१२ पासून खंडकऱ्यांच्या वारसांना जमिनींचे प्रत्यक्ष वाटप सुरू झाले. जमीन देणाऱ्याकडे करारपत्र होते, सातबाऱ्याचा इतिहास होता. त्याचा हक्क न्यायालयात आणि विधिमंडळात मांडता आला. तीच जमीन तीस-पस्तीस वर्षे कसलेल्या कामगाराकडे मात्र फक्त हजेरीकार्ड होते. त्याला निवृत्तीची देणी मिळाली, तीही अनेकदा भांडून. उरलेल्या जमिनीतली काही सार्वजनिक प्रकल्पांना जात आहे. शिर्डीजवळच्या सावळीविहीर-सोनेवाडी भागात औद्योगिक वसाहतीसाठी ती देण्यात आली.

कायमपणाचा प्रश्न फक्त महामंडळापुरता नव्हता. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रांवरही वर्षानुवर्षे रोजंदार राबत होते. त्यांना कायम करण्याचा वाद महाराष्ट्र कामगार संघटना व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००१ मध्ये न्यायालयाने सांगितले, की मंजूर पदेच नसतील तर नुसत्या सेवाकाळावरून कायम करता येणार नाही. ज्यांच्या जमिनी संपादित झाल्या त्या प्रकल्पग्रस्तांना वर्ग ३ आणि ४ च्या शासकीय पदांत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. इथेही जमीन गेलेल्याला दाखला मिळतो, प्रक्षेत्रावर मजुरी करणाऱ्याला मिळत नाही.

मळ्यांवरच्या चाळींत निवृत्त कामगार आणि त्यांची कुटुंबे अजून राहतात. कौले फुटलेली, भिंतींना तडे गेलेले. तरुण शिर्डी, श्रीरामपूर, बारामती, पुण्याकडे कामाला जातात. बायका शेजारच्या बागायतदारांकडे, मळ्याच्या जमिनीवर आता कसणाऱ्या खंडकऱ्यांच्या वारसांकडेही, उक्त्याने कामे घेतात. चाळीखालची जागा महामंडळाच्या नावावर असल्याने तिथे सरकारी घरकुल बांधता येत नाही, म्हणून राहत्या जागेपुरते दोन गुंठे नावावर करा, ही कामगारांची मुख्य मागणी राहिली आहे.