हंगेरियन लोकसंगीत की क्लेझमर? चाल नव्हे, साथ ऐका

दोन्हीकडे व्हायोलिन पुढे असतं, मागे संतूरसारखं त्सिंबालोम किणकिणतं, सुरुवात संथ आणि मग नाच वेग घेत जातो. त्यामुळे हंगेरियन गावठी संगीत आणि पूर्व युरोपातल्या यिद्दिशभाषक ज्यूंचं क्लेझमर यांची गल्लत होते. त्सिंबालोम तर दोघांचंही, म्हणून पुरावा म्हणून ते बाद.

चालही फार मदत करत नाही. ट्रान्सिल्व्हेनिया (आज रोमेनियात) आणि शेजारच्या मारामारोश भागात एकच रोमा, म्हणजे जिप्सी, वादकांचा ताफा हंगेरियन, रोमेनियन आणि ज्यू अशा तिन्ही घरच्या लग्नांत वाजवायचा. १९४४ साली उत्तर ट्रान्सिल्व्हेनियातल्या ज्यूंना आउश्वित्स या नाझी मृत्युछावणीत नेण्यात आलं. ऐकणारे गेले, पण त्यांच्या चाली रोमा वादकांच्या बोटांत राहिल्या. बुडापेस्टच्या मुझिकाश या गटानं १९९३च्या ‘मारामारोश’ अल्बमसाठी अशाच जुन्या वादकांना सोबत घेतलं. तो अल्बम कधी हंगेरियन कप्प्यात सापडतो, कधी ज्यू. दोन्ही बरोबरच. ‘सोल अ काकाश मार’ या गाण्याचे शब्द हंगेरियन, चालही हंगेरियन. पण ते हंगेरीतल्या नाज्यकाल्लो गावचे हसिदी (ज्यूंचा एक भक्तिपंथ) रब्बी, म्हणजे धर्मगुरू, यित्झाक आयझॅक ताउब (१७५१–१८२१) यांचं मानलं जातं. एका गुराख्याकडून त्यांनी ते घेतलं, अशी आख्यायिका आहे.

म्हणून पहिली वीस सेकंदं पुढच्या व्हायोलिनकडे दुर्लक्ष करा आणि मागची साथ ऐका. ट्रान्सिल्व्हेनियन ताफ्यात बहुधा कोन्त्रा असतो, म्हणजे तीन तारांचा व्हायोला. त्याची घोडी वरून सपाट तासलेली असते, त्यामुळे गज एकाच वेळी तिन्ही तारांवर फिरतो. तारा पाश्चात्त्य नावांनी सोल, रे आणि ला (G, D, A). पण हा ला वरचा नाही, सोल आणि रे यांच्या मधला. वादक जवळजवळ सगळीकडे मेजर कॉर्डच धरतो. चालीत कोमल गंधार असला तरी खाली शुद्ध गंधार वाजत असतो. पहिल्यांदा ऐकताना कुणीतरी चुकलंय असं वाटतं. तोच खडबडीतपणा ही त्या शैलीची सही आहे. चारदाश या हंगेरियन जोडीनाचाच्या संथ भागात साथीचा गज एका ओढीत दोन हिसके देतो आणि त्यातला दुसरा जड असतो. याला द्यूव्यो म्हणतात. जलद नाचात बास मात्रेवर आणि कोन्त्रा मधल्या फटीत.

क्लेझमरमध्ये साथ चालीशी भांडत नाही. मायनर, म्हणजे कोमल गंधाराच्या, चालीखाली मायनर कॉर्डच येतो. बुल्गार नाचात आठ मात्रांची ३-३-२ अशी फोड ऐकू येते, तर संथ होरा तीन मात्रांचा आणि त्यातली मधली मात्रा जवळजवळ गिळलेली.

स्वरही बघावेत. क्लेझमरमधलं फ्रेगिश म्हणजे सा, कोमल रे, शुद्ध ग, म, प, कोमल ध, कोमल नि. वसंत मुखारीचे स्वर ओळखीचे असतील तर हे लगेच पकडता येतं (स्वरच फक्त, राग नव्हे). जुन्या हंगेरियन चाली पुष्कळदा पाचच स्वरांच्या, धानीसारख्या: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. पहिल्या दोन ओळी वर आणि त्याच पुढे पंचमाच्या अंतरानं खाली. मग तीव्र मध्यमाचा तो ‘हंगेरियन जिप्सी’ रंग कुठला? तो मुख्यतः शहरी कॅफेतल्या नोता या प्रकाराचा. त्यात कोमल ध आणि शुद्ध नि लागतो. क्लेझमरच्या मी शेबेराख या स्वरसमूहातही कोमल ग आणि तीव्र म आहेत, पण ध शुद्ध आणि नि कोमल. तीव्र मध्यम ऐकून निकाल देऊ नका, वरचे दोन स्वर ऐका.

संथ, तालमुक्त तुकड्यात फरक रचनेचा. हंगेरियन केशेरवेश कितीही ताणलं तरी आत गाण्याच्या ठरलेल्या ओळी असतात, बहुधा चार. क्लेझमरच्या दोइनाला कडवंच नसतं. वादक एका स्वरावर रेंगाळतो आणि भोवती सूर रचत जातो. त्यात क्रेख्त्स येतो, म्हणजे स्वर सुटता सुटता घशात अडकलेला हुंदका. सिनेगॉगमधल्या गायकीशी त्याचं नातं आहे.

आता रेकॉर्डिंगनं केलेली फसवणूक. क्लेझमर म्हणजे क्लॅरिनेट, हा समज नाफ्तुले ब्रांडवाइन आणि डेव्ह तारास यांच्या न्यूयॉर्कमधल्या १९२०च्या दशकातल्या तबकड्यांनी घट्ट केला. १९२५पर्यंत ध्वनिमुद्रण भोंग्यासमोर व्हायचं. व्हायोलिन आणि त्सिंबालोम त्यात क्षीण उमटत, क्लॅरिनेट खणखणीत. बासऐवजी ट्यूबा आणि ढोलाऐवजी लाकडी ठोकळा दिसतो त्याचं कारणही बरंचसं हेच. युरोपातल्या जुन्या ताफ्यांत मात्र व्हायोलिनच म्होरक्या होतं. हंगेरीत लोकगीतं गोळा करणाऱ्या बेला विकारनं १८९०च्या दशकात मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रण सुरू केलं, पुढे बार्टोक आणि कोदाय हे संगीतकार आले. नळकांडं काही मिनिटांत संपे. गावात तासभर चालणारा नाच त्यात कसा मावणार? नाचाची सलग माळ ऐकायची असेल तर बुडापेस्टच्या फोनो या संगीतसंस्थेनं १९९७पासून ट्रान्सिल्व्हेनियाचे ताफे बोलावून केलेली ‘नवी पात्रिया’ मुद्रणं घ्या.

चाल उतरवून घेणाऱ्यांनी तबकडीचा वेगही तपासावा. सहा टक्के फरक म्हणजे पेटीवर थेट शेजारची पट्टी. म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी ८२-८३. क्लेझमर क्लॅरिनेटवाल्यांची पाश्चात्त्य रे (D) ही आवडती पट्टी, त्यामुळे तबकडी कोमल मीमध्ये (E♭) ऐकू आली तर ती जोरात फिरवल्याचा संशय घ्यावा. गावच्या हंगेरियन ताफ्याला मात्र ही कसोटी लावू नका. तिथे तारा एकमेकींशी जुळवतात, ट्यूनिंग फोर्कशी नव्हे. दोन पट्ट्यांच्या मधला सूर तिथे खराही असू शकतो.