कुकरी जड म्हणजे चांगली, हा गैरसमज

कुकरी म्हणजे नेपाळी गुरख्यांचा पुढे वाकलेला मोठा सुरा. ‘कुकरी जेवढी मोठी आणि जड, तेवढा घाव खोल’ हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं आणि लोक किलोभराचं धूड विकत घेतात. हे चूक आहे. पात्याचं वजन दुप्पट केलं तर घावाची ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. जड पातं वेगानं फिरत नाही. शिवाय थोड्याच वेळात मनगट भरून येतं, नेम चुकतो, आणि थकलेल्या हातातलं धारदार पातं आपल्याच पायावर येऊ शकतं.

नेपाळच्या डोंगरी गावांत रोज लाकूडफाटा तोडणारी कुकरी नीट पाहा. पातं साधारण 10 ते 12 इंच, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. मुठीजवळ पाठ, म्हणजे धारेच्या उलटी बाजू, जाड, टोकाकडे पातळ होत गेलेली. पुढे झुकलेल्या रुंद पोटामुळे वजन घाव बसतो तिथेच येतं, मग जादा पोलाद कशाला? दसैंत, म्हणजे नेपाळच्या दसऱ्याच्या सणात, रेड्याच्या बळीसाठी दोन्ही हातांनी चालवायची मोठी पाती असतात खरी, पण ती एका घावापुरती. त्यावरून रोजच्या हत्याराचं माप काढू नये.

घेताना मूठ धरून हात सरळ पुढे करा. टोक लगेच खाली झुकू लागलं, तर ती तुमच्यासाठी जड आहे. आणि पाठीवरून बोट फिरवा: मुठीपासून टोकापर्यंत सारखीच जाडी लागली, तर ती भिंतीवर टांगायची वस्तू आहे, कामाची नव्हे.