कसाऱ्याच्या घाटात इंजिनाचे पाय का सुटतात

मे २०२५ मध्ये दाहोदच्या कारखान्यातून ९,००० अश्वशक्तीचं मालगाडीचं इंजिन बाहेर पडलं आणि पेपरांत त्याचे फोटो झळकले. त्यानंतर काही दिवसांनी नाशिकला जाताना कसाऱ्याला गाडी थांबली होती. मागे बँकर, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागत होते. शेजारच्या सीटवरचे काका म्हणाले, "आता हे बँकर-बिंकर बंद होणार बघा. नऊ हजाराचं इंजिन आलंय, एकटं ओढून नेईल." मी मान डोलावली, कारण इगतपुरी यायला वेळ होता आणि वाद घालायचा कंटाळा होता. तो वाद आता इथे घालतो.

कसारा ते इगतपुरी हा थळ घाट १८६५ मध्ये रेल्वेसाठी खुला झाला. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कर्जत-लोणावळ्याचा बोरघाट त्याच्या दोन वर्षं आधीचा, चढ तितकाच खडा. २२ डब्यांची गाडी, डबा साधारण ५० टनांचा, म्हणजे झाले ११०० टन. त्यात १२३ टनांचं, ६,००० अश्वशक्तीचं इंजिन. या सगळ्याला ३७ ने भागलं तर ३३ टन. नुसत्या चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून एवढा जोर हवा. वळणांचं आणि चाकांचं घर्षण धरून ३६-३७ टन म्हणा.

आता इंजिन किती जोर लावू शकतं? इथे अश्वशक्ती मदतीला येत नाही. स्वच्छ कोरड्या रुळावर पोलादी चाकाची पकड त्याच्यावरच्या वजनाच्या साधारण ०.३ पट असते. १२३ टनांच्या इंजिनाला म्हणजे ३७ टन, जेमतेम. रूळ ओला झाला की हा आकडा ०.१५ पर्यंत उतरतो आणि हातात उरतात १८ टन. उलट ताशी २० किलोमीटरला ६,००० अश्वशक्तीच्या मोटरी हिशेबाने ८० टनांचा जोर लावू शकतात. तो लावला तर चाकं जागच्या जागी गरगरा फिरतील, गाडी हलणार नाही. इंजिनाचं वजन तेवढंच ठेवलं तर ताशी ४४ किलोमीटरच्या खाली ६,००० अश्वशक्ती पुरती वापरताच येत नाही. ती ९,००० केली तर ही मर्यादा ६६ वर जाते, बाकी काही बदलत नाही. घाटात सिग्नलला थांबलेली गाडी पुन्हा उचलायची तर वेग शून्यापासून सुरू होतो. तिथे नऊ हजार आणि सहा हजार सारखेच.

चाक आणि रूळ जिथे एकमेकांना टेकतात ती जागा जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी. ६ एक्सल (दोन चाकं जोडणारे आस), १२ चाकं, म्हणजे अशी १२ नाणी. अकराशे टनांची गाडी या १२ नाण्यांच्या भरवशावर घाट चढते. मला यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं: ही बारा नाणी सारखी दाबली जात नाहीत.

रस्सीखेच आठवा. दोर कमरेजवळ धरून ओढलात की पायाचा जोर जमिनीला, पण ओढ लागते कमरेशी. त्या दोन उंचींमधला फरक तुम्हाला पुढे पाडायला बघतो. म्हणून तरबेज खेळाडू मागे रेलतो आणि दोर जमेल तितका खाली धरतो. इंजिनाचं तेच. चाकांचा जोर रुळाच्या पातळीवर, गाडीची मागची ओढ मात्र कपलरला, म्हणजे डबा जिथे जोडतात त्या आकड्याला, रुळापासून सुमारे १.१ मीटर उंचीवर. मागे रेलायची सोय इंजिनाला नाही. त्यामुळे ओढताना त्याचं नाक हलकं होतं आणि मागची बाजू रुळावर दबते. मोटारसायकलचा गिअर टाकून एकदम क्लच सोडला की पुढचं चाक उचलायला बघतं, तसंच.

किती हलकं? इंजिन दोन बोगींवर उभं असतं. (आपण डब्याला बोगी म्हणतो ते चूक. बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट. पण हा लढा मी केव्हाच सोडलाय.) दोन बोगींत १२ मीटर अंतर आणि ओढ ३० टन धरा. ३० गुणिले १.१ भागिले १२, म्हणजे २.७५ टन वजन पुढच्या बोगीवरून मागच्या बोगीवर सरकलं. तीन एक्सलमध्ये वाटलं तर पुढच्या प्रत्येक एक्सलवरून ०.९ टन गेलं. २०.५ टनांचे १९.६ झाले. एवढं परवडतं.

खरी गंमत बोगीच्या आत आहे. बोगी आपला जोर इंजिनाच्या धडाला कुठून देते? ते जर ०.८ मीटर उंचीवरच्या खुंटीतून असेल, तर बोगीसुद्धा तशीच मागे कलंडायला बघते, आणि तिच्या टोकाच्या एक्सलांमध्ये अंतर असतं जेमतेम ३.७ मीटर. प्रत्येक बोगीच्या वाट्याला १५ टन: १५ गुणिले ०.८ भागिले ३.७ म्हणजे ३.२ टन. धडाचा कल आता कमी भरतो, एक्सलमागे पाव टनच, कारण खुंटी कपलरच्या जवळ आली. तरीही सगळ्यात पुढच्या एक्सलवर उरले १७ टन. त्याची पकड ०.३ ने ५.१ टन, आणि त्याच्याकडून मागणी ५ टनांची. तलवारीच्या धारेवर चालणं! स्प्रिंगा, डँपर हे काही मी धरलेलं नाही, पण दिशा हीच.

म्हणून आजच्या चांगल्या इंजिनांत बोगीपासून धडापर्यंत ओढ नेणारा दांडा शक्य तितका रुळाजवळ आणतात. तो रुळाच्याच पातळीला आणता आला तर बोगीतला कल शून्य, फक्त तो १९.६ वाला हिशेब उरतो. वजन एक किलोनेही न वाढवता पुढच्या एक्सलला अडीच टन परत मिळाले. मोटरींचंही तसंच. मोटरीचं एक टोक एक्सलवर आणि दुसरं बोगीला टांगलेलं असतं, आणि फिरताना ती बोगीला वर किंवा खाली ढकलते. जुन्या बोगींत मोटरी उलटसुलट तोंडं करून बसवलेल्या असत, त्यामुळे एका एक्सलवर भार पडे आणि दुसऱ्यावरून निघे. डब्ल्यूएजी-७ या मालगाडीच्या इंजिनाच्या बोगीत सगळ्या मोटरी एकाच दिशेला तोंड करून बसवल्या. दिसायला फरक काहीच नाही, पण पकड वाढली.

एवढं करूनही पुढचं चाक सुटलंच तर? जुन्या डीसी मोटरीचा स्वभाव वाईट. सुटलेलं चाक ती आणखी पळवते. थ्री-फेज मोटर सुटताच तिचा जोर आपोआप पडतो आणि संगणक उरलेलं सांभाळतो. मजा म्हणजे चाक अजिबात न घसरता गाडी ओढता येतच नाही. एक-दोन टक्के सरकणं लागतंच, आणि उत्तम पकड तिथेच मिळते. त्या पलीकडे गेलं की खेळ संपला.

शेडमध्ये खंडेनवमीला इंजिनांची पूजा होते, हार चढतात, त्याला माझी ना नाही. पण चाकाखाली लिंबू चिरडण्याचा प्रकार पकडीच्या दृष्टीने उलटाच. लिंबाचा काय, पाल्याचा काय, लगदा चाकाखाली दाबला गेला की रुळावर निसरडा थर बसतो, आणि इंग्लंडात दर पानगळीला पाल्याच्या थरापायी गाड्यांना उशीर होतो. दृष्ट काढायचीच असेल तर वाळूने काढा. इंजिनात वाळूच्या पेट्या असतात, ड्रायव्हर पायाखालचा स्विच दाबतो आणि चाकापुढे कोरडी वाळू पडते. मात्र वाळू दमट झाली की नळीतच बसून राहते, आणि नेमकी पावसाळ्यातच तिची गरज लागते.

बँकरचं काम यावरून कळेल. ते जास्तीची अश्वशक्ती नव्हे, जास्तीची नाणी आणतात. शिवाय मागून ढकलल्यामुळे पुढच्या कपलरवरचा ताण कमी होतो. मशीद बंदरला पुलाच्या चढावर हातगाडी नेताना एकजण पुढून ओढतो आणि दुसरा मागून खांदा लावतो, तसंच हे. कसाऱ्यावरून जाणाऱ्या राजधानीला दोन्ही टोकांना इंजिन जोडून हाच हिशेब बँकर न लावता साधलाय. लोकलमध्ये तर पेंटोग्राफवाले मोटर डबे गाडीभर वाटलेले असतात. सकाळच्या गर्दीत त्या डब्यातले लोक आपल्या वजनाने चाकांची पकड वाढवतात, पण त्याबद्दल तिकिटात सवलत नाही.

त्या दिवशी कसाऱ्याला पुढून शिट्टी झाली, मागून बँकरने उत्तर दिलं. गाडी हलताना मी खिडकीतून वाकून पाहिलं. शेजारच्या रुळावर आधीच्या गाडीने चिरडलेली वाळू पडली होती, तांदळाच्या पिठासारखी, आणि तिची पांढरी रेघ घाटाच्या तोंडापर्यंत गेली होती.