यॉर्कमधील कारागीर-संघांची फेरी

इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्क या तटबंदीच्या शहरात मध्ययुगीन कारागिरांच्या आळ्या आणि त्यांच्या संघांची सभागृहे पाहत केली जाणारी पायी फेरी. या संघांना तिकडे ‘गिल्ड’ म्हणतात. आपल्याकडचा जुना शब्द ‘श्रेणी’. नाशिकच्या लेण्यांतील, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या दुसऱ्या शतकातल्या शिलालेखात विणकरांच्या श्रेणीकडे व्याजाने ठेवलेल्या रकमेचा उल्लेख आहे. यॉर्कचे संघ त्यानंतर हजारएक वर्षांनी उभे राहिले.

फेरीची खरी वाटाडी म्हणजे रस्त्यांची नावे. ‘गेट’ म्हणजे येथे दरवाजा नव्हे, रस्ता. व्हायकिंगांच्या ‘गाटा’ या शब्दावरून तो आला. शहराच्या वेशींना मात्र ‘बार’ म्हणतात, त्यामुळे नवखा माणूस हमखास फसतो. कॉपरगेट हे नाव ऐकून पुणेकराला तांबट आळी आठवेल, पण तांब्याशी त्याचा संबंध नाही. ती लाकडी वाट्या-पेले कातणाऱ्यांची, म्हणजे काताऱ्यांची आळी. १९७६ ते १९८१ या काळात येथे झालेल्या उत्खननात कातकामाचे अवशेष मिळाले आणि नावाला जमिनीतून पुरावा लाभला. त्याच जागी १९८४ मध्ये योर्विक हे व्हायकिंग काळाचे संग्रहालय सुरू झाले. शेजारचे स्परियरगेट हे घोडेस्वाराच्या टाचेला लावायच्या लोखंडी आरा घडवणाऱ्यांचे, तर कॉलियरगेट कोळसा विकणाऱ्यांचे.

स्टोनगेटवर काच रंगवणारे आणि सोनार राहत. रस्ता संपतो तिथे मिन्स्टर हे प्रचंड कॅथीड्रल उभे आहे. त्याच्या पूर्वेकडील महाखिडकीच्या रंगीत काचांचा करार १४०५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनशी झाला. काम तीन वर्षांत पुरे करायचे होते, त्याने ते १४०८ मध्ये संपवले आणि ठरलेल्या मोबदल्यावर दहा पौंड बक्षीस मिळवले. १४१० मध्ये तो यॉर्कचा ‘फ्रीमन’ झाला. शहरात स्वतःचा धंदा थाटायचा तर हा हक्क लागे. वडिलांकडून, शिकाऊ उमेदवारी पुरी करून किंवा पैसे भरून तो मिळवता येई. १२७२ पासूनच्या अशा हक्कदारांच्या याद्या आजही आहेत.

पुढे ऑल्डवार्कवर शिंप्यांचे, म्हणजे मर्चंट टेलर्सचे सभागृह लागते. ते पंधराव्या शतकातील लाकडी बांधणीचे असून बाहेरचे विटांचे आवरण नंतरचे आहे. जवळच्या बेडर्न हॉलमध्ये एकेकाळी मिन्स्टरच्या गायक पाद्र्यांची पंगत बसे. आज जोडे शिवणाऱ्यांच्या आणि इमारत-कारागिरांच्या संघांचे तेथे ठाण आहे.

शॅम्बल्स ही खाटीक आळी. घरांचे वरचे मजले पुढे झुकून जवळजवळ एकमेकांना टेकतात, त्यामुळे खाली ऊन क्वचितच पोचते. उघड्यावर टांगलेल्या मांसाला ही सावली सोयीची होती. १८७२ मध्ये येथे २५ खाटीक होते, आज एकही नाही. दुकानांपुढच्या रुंद फळ्या आणि लोखंडी आकडे तेवढे उरलेत. हल्ली गर्दी इतकी असते की आकडे पाहायला मान वर करणेही कठीण, म्हणून सकाळी लवकर जावे.

फेरीतील सर्वांत मोलाची वास्तू फॉसगेटवरील मर्चंट अ‍ॅडव्हेंचरर्स हॉल, म्हणजे परदेशी व्यापार करणाऱ्या व्यापाऱ्यांचे सभागृह. १३५७ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले. वर लाकडी तुळयांचे भव्य सभागृह, तळमजल्यावर गरिबांसाठी इस्पितळ आणि त्याला लागूनच प्रार्थनागृह. सौदा वर, दानधर्म आणि देवकार्य खाली. ही वास्तू उभारणाऱ्या सुरुवातीच्या धार्मिक बंधुमंडळात स्त्रियाही सभासद होत्या. १४३० मध्ये सहाव्या हेन्रीकडून याच मंडळातून घडलेल्या कापडव्यापाऱ्यांच्या संघाला सनद मिळाली, आणि १५८१ मध्ये पहिल्या एलिझाबेथने नवी सनद देऊन परदेशी व्यापाराचे हक्क दिले. इंग्लंडभरच्या संघांची धंद्यावरील मक्तेदारी १८३५ च्या कायद्याने संपली, पण यॉर्कचे काही संघ अजून नांदते आहेत.

या संघांची सर्वांत थोर कामगिरी रस्त्यावर झाली. कॉर्पस क्रिस्टी या उन्हाळ्यातील ख्रिस्ती सणाला पहाटे चार-साडेचारपासून चाकांच्या गाड्या शहरभर फिरत आणि ठरलेल्या थांब्यांवर बायबलमधील प्रसंग सादर होत. यांना ‘मिस्टरी’ नाटके म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी ‘धंदा, कसब’ असा अर्थ सांगितला जातो. प्रसंगांची वाटणी धंद्याला शोभेशी होती: नोहाची नौका जहाज बांधणाऱ्यांकडे, येशूचे शिष्यांसोबतचे अखेरचे भोजन पाववाल्यांकडे. १५६९ नंतर ती बंद पडली, १९५१ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि १९९८ पासून संघांच्या गाड्याही पुन्हा निघू लागल्या. क्रूसारोहणाचा प्रवेश खिळे करणाऱ्यांकडे होता. त्यातले शिपाई येशूला खिळे ठोकताना क्रूसावरची भोके चुकीच्या अंतरावर पाडली म्हणून कुरकुरतात, आणि मग दोर लावून हातपाय ताणतात.