लकोटा तरुणांच्या सामूहिक बागा आणि अन्न सार्वभौमत्व

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात पाइन रिज, रोझबड, शायन रिव्हर ही लकोटा या आदिवासी लोकांची रिझर्व्हेशन्स, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेले प्रदेश, आहेत. तिथे सगळ्यांनी मिळून केलेल्या बागांमध्ये पोरं भाजी लावतात, शिजवतात, विकतात पण. यामागचा विचार म्हणजे अन्न सार्वभौमत्व, म्हणजे काय खायचं, कसं पिकवायचं हे आपलं आपणच ठरवायचं. हा शब्द जगभर पोचवला तो ला व्हिया कँपेसिना या शेतकरी चळवळीने, १९९६ मध्ये.

लकोटा मुळात शेती करायचे का, यावर एकमत नाही. एक मत असं की ते बायसनचे (अमेरिकेतले मोठे रानबैल) शिकारी, मका लागला तर शेजारच्या, शेती करणाऱ्या अरिकारा लोकांकडून बदल्यात घ्यायचे. दुसरं असं की साधारण १८व्या शतकात पश्चिमेला सरकण्याआधी मिनेसोटाकडे असताना काही गट थोडाफार मका लावत असावेत. दुसरं जास्त पटतं, पण या वादात रानातलं अन्न बाजूलाच पडतं. थिन्पसिला नावाचा कंद जूनमध्येच खणावा लागतो, कारण नंतर वरचं झाड वाळून तुटतं, वाऱ्याबरोबर गडगडत जातं आणि कंद कुठे आहे ते कळतच नाही. काळपट साल सोलली की आत पांढराशुभ्र, मग मुळांच्या शेपट्या गुंफून वेणी घालतात आणि सुकवतात. हे ज्ञान शेतीपेक्षा कमी नाही.

शेती वरून लादली गेली हे मात्र नक्की. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहात अमेरिकन सरकारने शेती करणाऱ्या कुटुंबाला पहिल्या वर्षी १०० डॉलरपर्यंतचं बियाणं-अवजारं देऊ केली होती, आणि १८७६ मध्ये तर ब्लॅक हिल्स हे लकोटांचे डोंगर सोडा नाहीतर सरकारी रेशन बंद, असा कायदाच झाला. तोवर बायसन संपत आलेले. पुढे सरकारी मैदा, साखर, चरबी हेच रोजचं जेवण झालं, आज डायबेटिस घरोघरी दिसतो त्याची मुळं बरीचशी इथे आहेत. मिसूरी नदीवरच्या ओआहे धरणाने शायन रिव्हरची नदीकाठची सुपीक जमीन, झाडी, रानफळं बुडाली आणि एजन्सी, म्हणजे रिझर्व्हेशनचं सरकारी कार्यालय, उठून वर माळावर ईगल ब्यूट गावी आली.

त्याच ईगल ब्यूटमध्ये शायन रिव्हर यूथ प्रोजेक्ट या तरुणांसाठीच्या संस्थेची विन्यान तोका विन ही बाग आहे, सुमारे अडीच एकरांची, कीटकनाशकं न मारता केलेली. तिथली भाजी मुलांच्या जेवणात जाते, बाजारातही जाते. रोझबडला कीया वाकपाला ही बाग आहे.